दोन रुपयांचे निर्माते

आपल्याकडे गावात कोणतेही सार्वजनिक काम काढायचे म्हटले, की सर्वांत आधी उघडते ती वर्गणीची वही. मारुतीच्या देवळाचा ओटा खचलेला असो, सप्ताह बसवायचा असो, जत्रेत तमाशाचा फड आणायचा असो, की कुस्त्यांचा हंगामा भरवायचा असो; लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही काखेत मारून चार कारभारी उंबरे झिजवू लागतात. उंबऱ्यामागे इतके, असा आकडा चावडीवर ठरलेला असतो. ज्याच्याजवळ रोख नसेल तो पायलीभर ज्वारी घालतो. ज्याच्याजवळ तीही नसेल तो मांडव घालायला अंग मोडून राबतो. काल्याच्या कीर्तनानंतर सर्वांदेखत जमाखर्च वाचला जातो, आणि त्या वेळी चार आण्याचा घोळ निघाला तरी वर्षभर त्याची चर्चा पुरते. बीड जिल्ह्यासारख्या कोरड्या मुलखात सरकारच्या आधी आणि सरकारच्या पश्चात जे काही उभे राहिले, त्याच्या पायात या वहीची पाने आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र या वहीत सिनेमा कधी चढला नाही. म्हणजे सिनेमा *पाहण्यासाठी* तो चढला. आमच्या लहानपणी, १९८०–९० च्या सुमारास, गणपतीत पोरे दारोदार रुपया-दोन रुपये गोळा करीत आणि तालुक्याहून भाड्याने रंगीत टीव्ही व व्हिडिओ आणीत. मग एका रात्रीत तीन चित्रपट. तिसरा संपेपर्यंत निम्मे गाव चादरी पांघरून चौकातच झोपलेले असे. परंतु आपण वर्गणी काढून चित्रपट *करावा*, ही कल्पना त्या पोरांच्याच काय, जाणत्यांच्याही डोक्यात आली नसती. सिनेमा ही शेठ लोकांची गोष्ट. तो मुंबईत होतो, आपण तिकीट काढायचे.

हे असे का झाले याचा शोध घेताना मला वाटू लागले, की चित्रपटाच्या पैशाचा इतिहास हा त्याच्या कलेच्या इतिहासाइतकाच वाचनीय आहे. आणि तो आपण फारसा वाचलेला नाही.

आरंभ अर्थातच धुंडिराज गोविंद फाळके यांच्यापासून करावा लागतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या भिक्षुकाच्या मुलाने गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, आणि पडद्यावर आपले रामकृष्ण केव्हा येतील या एका विचाराने तो झपाटला, ही कथा शाळेच्या पुस्तकांतूनही आली आहे. पण त्या कथेतला व्यवहार मला अधिक वेधक वाटतो. इंग्लंडला जाण्यासाठी फाळक्यांनी गहाण टाकली ती विम्याची पॉलिसी. म्हणजे आपल्या मरणावर मिळावयाचे पैसे त्यांनी आपल्या जगण्याच्या वेडापायी आधीच उचलले! फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले, तोवर गाठीचे सारे संपले होते. सावकाराला पटेल असे काही दाखवायला हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज थोडेथोडे चित्रण करून, दाण्यातून वेल वर येतो हे मिनिटाभरात दाखवणारी फिल्म तयार केली. तिचे नाव ‘अंकुराची वाढ’. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या मंडळींनी थैली सैल केली. तेवढ्याने भागेना तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले. याच बाई कंपनीतल्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री फिल्म धुण्याच्या, तिला भोके पाडण्याच्या कामालाही बसत. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच्या निर्मात्यांची खरी यादी करायची तर तीत एक विमा कंपनी, एक वाटाणा आणि एका गृहिणीचे सोने ही तीन नावे घालावी लागतील.

यापुढचा भाग कमी सांगितला जातो. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा विलायतेस गेले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि इकडे भांडवलदारांनी हात आखडले. तेव्हा या माणसाने जे केले ते आजच्या भाषेत क्राऊडफंडिंगच म्हणावे लागेल. त्यांनी वर्तमानपत्रांतून जनतेला आवाहन केले, की स्वदेशी धंद्यासाठी मला अल्प व्याजाने कर्ज द्या. संस्थानिकांची दारे ठोठावली. ‘चित्रपट कसे तयार करतात’ ही लहानशी फिल्म काढून तीत स्वतःच काम करताना दिसले, आणि अशा फिल्मा दाखवीत गावोगाव हिंडले. आवाहनाला प्रतिसाद मिळाला. पण तो कारखाना चालेल इतका नव्हता. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ने पैशाचा पाऊस पाडला तेव्हा तेच भांडवलदार आपण होऊन आले. १९१८ मध्ये पाच भागीदारांसह नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. आणि थोड्याच काळात पैसेवाल्यांशी खटके उडून तिचा कर्ता पुरुष काशीला निघून गेला. तिथे बसून त्याने ‘रंगभूमी’ नावाचे नाटक लिहिले.

मला येथे एक शंका येते. जनतेने फाळक्यांना पुरेसे पैसे दिले नाहीत, ते ती कंजूष होती म्हणून की काय? सप्ताहाला धान्याच्या राशी घालणारी हीच जनता. मला वाटते, मागणी चुकीच्या भाषेत झाली. त्यांनी कर्ज मागितले, व्याज देऊ केले. व्याज म्हटले की माणूस सावकारासारखा विचार करू लागतो. वर्गणी म्हटले असते तर तो भाविकासारखा वागला असता.

कोल्हापूरकडे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा पुरवला तो तानीबाई कागलकर या गायिकेने. मराठी चित्रपटाच्या थोर इतिहासात या बाईच्या वाट्याला एखादी ओळ येते. पुढे प्रभात निघाली तीही पाच भागीदारांची. सारांश, स्वातंत्र्यापर्यंतचा मराठी सिनेमा हा पाच-सहा माणसांच्या जिवावर उभा होता; पाच-सहा लाख माणसांच्या नव्हे.

पाच लाख माणसे आली ती १९७६ साली, आणि तीही मराठी मुलखात नव्हे तर शेजारच्या गुजरातेत. डॉ. वर्गीस कुरियन आणि श्याम बेनेगल यांची ती गोष्ट. बेनेगलांनी दूध चळवळीवर माहितीपट केले होते. परंतु माहितीपट पाहतात ते आधीच पटलेले लोक, म्हणून त्यांना कथापट करावासा वाटत होता. खर्च दहा लाख. कुरियन म्हणाले, आपले पाच लाख सभासद आहेत, प्रत्येकाने दोन रुपये दिले तर दहा लाख होतात! आणि खरोखरच संघाच्या सभासदांच्या दुधाच्या पैशांतून एकदा दोन-दोन रुपये वळते होऊन ‘मंथन’ तयार झाला. पडद्यावर प्रारंभीच गुजरातचे पाच लाख शेतकरी हा चित्रपट सादर करीत असल्याचे लिहून येते. ‘आपला’ सिनेमा पाहायला शेतकरी गाड्या भरभरून शहरात आले. पुढे त्याच्या १६ मिलिमीटरच्या प्रती खेडोपाडी नेऊन दाखवल्या गेल्या आणि त्यांनी नव्या दूध सोसायट्या निघायला हातभार लावला. २०२४ मध्ये या चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत कान येथील महोत्सवात दाखवली गेली, ही वार्ता आपण वाचली असेलच.

या चित्रपटात मराठी माणसे पुष्कळ आहेत. पटकथा विजय तेंडुलकरांची; बिंदूच्या भूमिकेत आपली स्मिता पाटील; मोहन आगाशे आहेत. तेंडुलकरांना या पटकथेबद्दल राष्ट्रीय पारितोषिकही लाभले. पण मला येथे तेंडुलकरांचाच दुसरा चित्रपट आठवतो आणि त्यामुळे मन थोडे अस्वस्थ होते. तो म्हणजे १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला ‘सामना’. दोन्हींचा काळ जवळजवळ एक, लेखक एक आणि विषयही एकच, सहकार. ‘मंथन’मधला सहकार दलिताच्या हाती मापट्याइतकी का होईना, सत्ता देतो. ‘सामना’मधला सहकार हिंदूराव धोंडे पाटलांच्या खिशात आहे, आणि एक दारूबाज मास्तर त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. त्या चित्रपटाचे निर्माते रामदास फुटाणे हे चित्रकलेचे शिक्षक, आमच्या पाटोदा-आष्टीच्या शिवेपलीकडच्या जामखेडचे. (आमच्या व्यवसायातल्या माणसाने असे धाडस केले याचा मला अजूनही अभिमान वाटतो, आम्ही शिक्षक एरवी सोसायटीचे कर्ज काढले तरी बायकोला चार वेळा विचारतो.)

आता कल्पना करा, की साखर कारखान्याच्या सभासदांच्या उसाच्या बिलातून दोन-दोन रुपये कापून ‘सामना’ काढला असता. कापले गेले असते का? बिलातून नाना निधींसाठी कपात होतच असते, तेव्हा दोन रुपयांचे कोणाला काही वाटले नसते. पण कापायचे की नाही हे ठरवणारे हात धोंडे पाटलांचे. ‘मंथन’च्या दोन रुपयांत मला हीच एक फट दिसते. ते दोन रुपये पाच लाख माणसांचे होते यात संशय नाही. पण प्रत्येकाच्या दाराशी जाऊन, तोंडाकडे पाहून मागितलेले नव्हते. संस्था चांगली होती, तिचा कर्ता मोठा होता, म्हणून चित्र चांगले झाले. संस्था वाईट असती तर तेच दोन रुपये स्तुतिपाठकाला गेले असते.

दारोदार जाऊन मागणे महाराष्ट्राने पाहिले ते २००४ साली. ‘श्वास’ हा संदीप सावंत यांचा चित्रपट काही मित्रांनी मिळून काढला. ‘श्यामची आई’नंतर अर्ध्या शतकाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मराठीला मिळाले, भारतातर्फे तो ऑस्करसाठी निवडला गेला, आणि मग कळले की अमेरिकेत नुसता चित्रपट पाठवून भागत नाही, तिथे तो परीक्षकांना दाखवायचा, त्याची जाहिरात करायची, म्हणजे मूळ चित्रपटाला लागला त्याहून अधिक पैसा हवा. तेव्हा मराठी माणूस हलला. सरकारांनी दिले, नामवंतांनी दिले, आणि शाळकरी मुलांनी पणत्या करून विकल्या व ते पैसे पाठवले. ऑस्कर मिळाले नाही. पण त्या पणत्यांचे मला अजून नवल वाटते. त्या मुलांना आपण काय विकत घेतो आहोत याची कल्पना नव्हती, तरी त्यांच्या हाताला माती लागली होती.

येथवर वाचून कोणी विचारील, की मास्तर, ही सारी उठाठेव कशासाठी? तर त्याला कारण आहे.

आमच्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर गावे रिकामी होतात. धारूर, वडवणी, केज, शिरूर, पाटोदा या डोंगरपट्ट्यातून लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. माणसे दोन, हत्यार एक, आणि हिशेबात नाव हत्याराचे! मुकादमाकडून उन्हाळ्यात-पावसाळ्यात ‘उचल’ घेतलेली असते. ती फेडण्यासाठी चैत्रापर्यंत राबायचे. पूर्वी बैलगाड्यांच्या रांगा लागत, आता ट्रक-ट्रॅक्टर येतात. पण भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरे त्याच क्रमाने वर चढतात. आमच्या वर्गांतले बाक दिवाळीची सुट्टी संपली तरी भरत नाहीत. हंगामी वसतिगृहे निघाली, त्यांनी काही मुले राहतात, काही जातातच.

अशाच एका कोयत्याचा मुलगा माझा विद्यार्थी. दहावीनंतर पुण्यास जाऊन तो कॅमेऱ्याचे काम शिकला. गेल्या श्रावणात तो घरी आला आणि म्हणाला, की त्याला चित्रपट काढायचा आहे. कथा फार नाही. एक टोळी डोंगरातल्या गावाहून निघते आणि कारखान्याच्या फडावर पोचते. वाटेत काय होते, एवढेच. याला इंग्रजीत रोड मूव्ही म्हणतात, असे त्याने मला सांगितले. मी म्हटले, आमच्याकडे याला वारी म्हणतात. तो हसला. मग पिशवीतून त्याने वही काढली, आणि ती लाल कापडी पुठ्ठ्याची वही पाहून मात्र मी चमकलो. अंदाज आठ लाखांचा. कोयत्यामागे शंभर रुपये याप्रमाणे तो टोळ्यांकडून वर्गणी गोळा करणार होता.

मला ते रुचले नाही आणि मी तसे बोललो. ज्यांच्या अंगावर उचलीचे कर्ज आहे, त्यांच्याकडून सिनेमासाठी शंभर रुपये घ्यायचे? त्याने शांतपणे विचारले, “सप्ताहाला देतातच की, गुरुजी. तेव्हा कुणी त्यांची उचल काढतं का?”

या प्रश्नाला मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी पुस्तके आणि जुने अंक चाळायला बसलो; आणि शोधता शोधता थेट केरळात जाऊन पोचलो. तिथे हे घडून गेले आहे. वर्गणीही, रस्ताही, आणि आईही.

जॉन अब्राहम (हिंदी पडद्यावरचा आजचा नट नव्हे) हा १९३७ चा. आयुर्विमा महामंडळातली नोकरी सोडून तो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला. फाळक्यांनी विमा गहाण टाकला, याने विम्याची नोकरी टाकली. सिनेमाचे आणि विम्याचे काही वैर असावे. ज्या प्रभातच्या आवारात ‘संत तुकाराम’ झाला, त्याच आवारात १९६० साली ही संस्था निघाली होती. तिथे ऋत्विक घटक शिकवीत होते. घटकांचे वेड अनेकांना लागले, जॉनला ते सोसवेल त्याहून अधिक लागले. त्याने मोजून चार कथापट केले. त्यांतला ‘अग्रहारत्तिल कळुदै’ हा तमिळ चित्रपट १९७७ चा. ब्राह्मणांच्या आळीत एक गाढव येते आणि मग काय होते याची ती कथा. राष्ट्रीय पारितोषिक मिळूनही पुढे दूरदर्शनने त्याचे ठरलेले प्रक्षेपण रद्द केले, यावरून गाढवाने काम चोख केले होते हे उघड आहे.

असा माणूस निर्मात्यांना परवडत नाही, आणि निर्माते त्याला परवडत नाहीत. १९८४ मध्ये कोळिकोडला त्याने आणि त्याच्या मित्रांनी ‘ओडेसा’ नावाचे मंडळ काढले. आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये ओडेसा बंदरातल्या पायऱ्यांवर जो प्रसंग घडतो त्यावरून हे नाव. ही मंडळी गावोगाव जात. चौकात ढोल वाजवीत, पथनाट्य करीत. अंधार पडला की पडदा लावून चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवीत. खेळ संपला की झोळी फिरे. रुपया टाका, दोन टाका, आम्ही तुमच्या पैशाने सिनेमा काढणार आहोत. १९२१ चा तो मूकपट. पोरक्या पोराला वाढवणाऱ्या भणंगाची गोष्ट. भाषेचा अडसर नाही, म्हातारीपासून पोरापर्यंत सारे हसतात आणि रडतात. फाळके ‘चित्रपट कसे तयार करतात’ दाखवून पैसे मागत होते. ओडेसावाले माणूस कसा तयार होतो ते दाखवून मागत होते. मला वाटते, झोळी भरली ती म्हणून.

त्या पैशांतून १९८६ साली जो चित्रपट निघाला त्याचे नाव ‘अम्मा अरियान्’. मराठीत सांगायचे तर ‘आईला कळावे म्हणून’. आपल्या पत्रांच्या शेवटी ‘कळावे’ लिहिण्याची रीत होती, त्या रीतीची आठवण यावी असे हे नाव आहे. पुरुषन् नावाचा तरुण दिल्लीला निघाला आहे. तो आईला शब्द देतो, की मी तुला पत्रे लिहीन. वायनाडच्या डोंगरात त्याची गाडी थांबवली जाते. झाडाला लटकून मेलेल्या एका तरुणाचे प्रेत न्यायचे असते. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही. पुरुषन् दिल्लीचा बेत सोडतो आणि मित्रांना विचारत निघतो. प्रेताची ओळख पटते: तो हरी, तबला वाजवणारा. मग ठरते, की कोचीला त्याची आई आहे, तिला हे सांगायला हवे. वाटेत एकेक जण मिळत जातो. प्रत्येक जण घरातून निघताना आपल्या आईला सांगून निघतो. वायनाडपासून कोची बंदरापर्यंत ही दिंडी वाढतच जाते, आणि रस्त्याकडेला केरळचा अलीकडचा इतिहास उभा असतो: खाणीतले मजूर, विषारी दारूने उद्ध्वस्त झालेली वैपीन बेटावरची घरे, बंदरातला जुना गोळीबार, वैद्यकीय विद्यार्थ्यांचे आंदोलन.

मी हा चित्रपट पाहिला तो मोबाइलच्या काचेवर, खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी अडखळत वाचत. तो सोपा नाही. मध्येच कंटाळाही येतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ‘मंथन’ आमच्या गावच्या चौकात लावला तर शेवटपर्यंत माणूस हलणार नाही. हा लावला तर निम्मे उठतील. परंतु जे बसतील त्यांच्या मनातून ती वाढत जाणारी दिंडी जाणार नाही. वेणू यांचे काळेपांढरे छायाचित्रण असे आहे, की रस्ता हेच मुख्य पात्र वाटू लागते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ज्या लांबलचक पासोडीवर आपला ग्रंथ लिहिला, आकृत्या काढल्या, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. कापड उलगडत जावे आणि वाचणाऱ्याने त्याच्या कडेने चालत जावे, तसे हे आहे. राष्ट्रीय पारितोषिकांत परीक्षकांचे विशेष पारितोषिक जॉनला आणि छायाचित्रणाचे वेणूला मिळाले.

पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. चित्रपट तयार झाल्यावर तो थिएटरवाल्यांच्या दारी गेला नाही. ज्या वाटेने झोळी फिरली होती त्याच वाटेने तो परत नेऊन दाखवला गेला. ज्याने रुपया टाकला त्याच्या गावात पडदा लागला. आणि पुढच्याच वर्षी, ३१ मे १९८७ रोजी, कोळिकोडला एका इमारतीच्या गच्चीवरून पडून जॉन गेला. वय ४९. लोकांच्या पैशाने लोकांचा सिनेमा काढायचा हा मार्ग त्याच्या मित्रांनी काही काळ चालू ठेवला, पण असा दुसरा कथापट त्याला करता आला नाही.

त्यानंतर इंटरनेट आले आणि झोळीला पाय फुटायचे थांबले. ती एका जागी बसून फिरू लागली. ओनीर यांचा ‘आय अॅम’ अशा शेकडो लोकांच्या पैशातून २०११ मध्ये आला. कन्नडमध्ये पवन कुमार यांच्या ‘लुसिया’साठी शंभराहून थोड्या अधिक लोकांनी महिन्याभरात सुमारे ५० लाख जमवले आणि तो २०१३ मध्ये लागला. चांगलेच झाले. परंतु त्या यादीत ऊसतोड्या कोठून असणार? आकडा पाहा: पन्नास लाख भागिले शंभर. ‘मंथन’चा भागाकार दोन रुपये येत होता.

शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील भाऊराव कऱ्हाडे यांनी तर वर्गणीच्या भानगडीत न पडता स्वतःची जमीन विकून ‘ख्वाडा’ काढला. मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाची कथा, म्हणजे हाही वाटेवरचाच चित्रपट. राष्ट्रीय पारितोषिकांत त्याची दखल घेतली गेली, २०१५ मध्ये तो लोकांनी पाहिला. हे सारे ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, “जमीन असती तर मीही विकली असती.”

त्याच्या वहीबद्दल मी आता विरोध करीत नाही. मात्र तीन गोष्टींवर आमची रात्री उशिरापर्यंत हुज्जत झाली. एक, पैसा मुकादमामार्फत घ्यायचा नाही. मुकादम उचलीतून परस्पर शंभर कापून देईल, काम सोपे होईल. पण मग देणाऱ्याने दिले असे होत नाही, त्याच्याकडून गेले असे होते. हे त्याला लगेच पटले. दोन, व्याज, नफा, भागीदारी हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. वर्गणी ती वर्गणी. यावर तो कुरकुरला, कारण पुण्यातल्या मित्रांनी त्याला वाटा द्यायचे कलम शिकवले होते. तिसऱ्या गोष्टीवर मात्र तो माझ्यापुढे गेला. मी म्हणत होतो, कोयत्यामागे शंभर. तो म्हणाला, नाही. कोयता म्हणून नाव लिहायचे नाही. बाईचे वेगळे लिहायचे, बाप्याचे वेगळे. पन्नास आणि पन्नास. चित्रपटाच्या आरंभी नावे येतील ती माणसांची येतील. मी हिशेब केला: आठ लाख भागिले पन्नास, सोळा हजार नावे. पडद्यावर ती वाचायला किती वेळ लागेल? तो म्हणाला, टोळी रात्रभर चालते, तेवढा वेळ नावे चालतील.

चित्रीकरण यंदाच्या हंगामात जमेल तेवढे, उरलेले पुढच्या. पहिला खेळ फडावर, कोप्यांच्या मध्ये, उसाच्या गाडीला पडदा बांधून. ‘द किड’ची प्रत त्याने मिळवली आहे, तीन गावांत तो दाखवून झाला आणि तिन्ही ठिकाणी चॅप्लिन काच फोडणाऱ्या पोरामागून येतो तिथे बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वहीत आजवर २१४ नावे झाली आहेत. त्यांतली सत्तावीस अंगठ्याची आहेत. एका म्हातारीने पन्नासऐवजी अर्धी पायली बाजरी घातली, ती त्याने वहीत किमतीसह लिहिली आणि माझ्या घरी आणून ठेवली. भाऊबीजेच्या रात्री मारुतीच्या पारावर पहिला जमाखर्च वाचायचा आहे, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे पहिला ट्रक निघतो. वाचायचे काम मजकडे आहे.